कार्टर काढला, सोलेक्स बसवला : जुन्या जीपच्या एका सुट्या भागाचा इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना ज्यांना नावं आणि सालं पकडता आली नाहीत, त्यांच्यासाठी खास. बोललो जसं, जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुमच्या घरी २०२० च्या आधीची बाईक आहे का? असेल, तर तिच्यात बहुधा कार्बोरेटर आहे. हिवाळ्यात सकाळी चोक ओढून किक मारायची, मग दोन मिनिटं गाडी गुरगुरू द्यायची, हे सगळं त्या कार्बोरेटरमुळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या बाईकवरून तो जवळपास गेलाच. आता फ्युएल इंजेक्शन. सेन्सर मोजतो, छोटा कॉम्प्युटर ठरवतो, इंजेक्टर पेट्रोल फवारतो. म्हणजे माझ्या धंद्यातला माणूस गाडीत जाऊन बसला आणि मिस्त्रीचा कान बाहेर आला.

आजची गोष्ट कारच्या, खरं तर जीपच्या, कार्बोरेटरची. जुना काढून दुसरा बसवण्याची. वरवर पाहिलं तर दोन-चार नटांचं काम. पण त्या नटांमध्ये दुसरं महायुद्ध आहे, मुंबईचं माझगाव आहे, लायसन्स राज आहे आणि आमचं राजूरसुद्धा आहे.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू

पेट्रोल नुसतं पेटवून इंजिन चालत नाही. ते हवेत नीट मिसळावं लागतं. साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, तेही वजनाने. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर, कमी झालं की इंजिन तापतं आणि मिसिंग करतं.

हे प्रमाण सांभाळायला कार्बोरेटरकडे ना वीज, ना मेंदू. त्याच्याकडे आहे एक अरुंद गळा. इंजिन श्वास घेतं, हवा त्या गळ्यातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. शेजारच्या छोट्या टाकीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोल उभं असतं. त्याच्यावर बाहेरचा दाब असतोच. त्यामुळे ते बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, गळ्यात खेचलं जातं आणि फवारा होऊन हवेबरोबर आत जातं. अरुंद जागेतल्या प्रवाहाचा हा गुण इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरीने १७९७ मध्ये मांडला होता. तेव्हा मोटार कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने त्यावर फवाऱ्याचा कार्बोरेटर उभा केला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. कार्बोरेटरचं सगळं ज्ञान त्याच्या मापांमध्ये असतं. जेटचं भोक किती, गळा किती रुंद, फ्लोट किती उंचीवर. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं हार्डकोड केलेलं. एका इंजिनासाठी लिहिलेला कोड दुसऱ्या इंजिनावर टाकला, तर चालेलही कदाचित. पण नीट चालेलच याची हमी नाही.

जीप भारतात कशी आली?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत साधारण ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. इंजिन होतं विलीसचं, २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं, 'गो डेव्हिल' नावाचं. ते बार्नी रूस या इंजिनिअरने पैलूदार केलं होतं. आणि त्यावर कार्बोरेटर होता सेंट लुईसच्या कार्टर कंपनीचा.

त्याच काळात के. सी. महिंद्रा अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचं काम बघत होते. जीप त्यांनी तिथे पाहिली. १९४५ मध्ये त्यांचे भाऊ जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी उभी राहिली. तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये पाटी बदलली आणि 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. सुरुवातीला अमेरिकेहून सुटे भाग खोक्यांत यायचे आणि मुंबईत जीप जोडली जायची, माझगावात.

इथपर्यंत ही आयातीची गोष्ट आहे. खोक्यात अमेरिकी इंजिन, त्यावर अमेरिकी कार्बोरेटर. बिघडला तर तसाच दुसरा मागवा. पण मागवणंच अवघड होत गेलं, आणि आपला विषय तिथून सुरू होतो.

दार बंद झालं तेव्हा

मुंबईत मोटारी जोडण्याचा धंदा तसा जुना. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला गाड्या बनायला लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारलं, नुसतं जोडत बसणार की काही बनवणार? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सुचवलं की ज्यांच्याकडे इथे भाग बनवण्याचा ठोस कार्यक्रम आहे, त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. राहिले ते प्रीमियर, हिंदुस्थान, महिंद्रा असे थोडेच.

परकीय चलन तुटपुंजं होतं. एकेक भाग देशातच बनवायला लागला. कार्बोरेटर ही नाजूक वस्तू, तिची भोकं केसाएवढ्या फरकाने मोजावी लागतात. मद्रासच्या कार्बोरेटर्स लिमिटेडने फ्रान्सच्या सोलेक्सचा परवाना घेतला आणि तो बनवायला घेतला. सोलेक्स ही गुदार आणि मेनेसाँ या दोन फ्रेंच इंजिनिअर मित्रांची कंपनी. त्यांनी सुरुवात केली रेडिएटरपासून, नाव झालं कार्बोरेटरमुळे. कुर्ल्याच्या फियाटवर, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीवर, सोलेक्स असायचा. जीपसाठीही सोलेक्स मिळायला लागला.

फ्रान्समध्येही हेच घडलं होतं, बरं का. तिथल्या हॉचकिस कंपनीने विलीसचा परवाना घेऊन जीप बनवली आणि तिच्यावर कार्टरऐवजी आपला घरचा सोलेक्स चढवला. म्हणजे अमेरिकी इंजिन आणि फ्रेंच कार्बोरेटर हा संसार जुना आहे. आपण त्याला मद्रासचं माहेर दिलं, एवढंच.

आता लायसन्स राजची एक उलटी बाजू बघा. कुठल्या कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार. नवं मॉडेल आणायचं तर परवानगी. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आपण या काळाला नावं ठेवतो आणि त्यात चूक काही नाही. पण गाड्या बदलल्याच नाहीत, म्हणून त्यांचे भागही बदलले नाहीत. विलीसने १९५३ मध्ये सीजे-३बी नावाची उंच बॉनेटची जीप आणली. बॉनेट उंच, कारण आतलं नवं एफ-हेड इंजिन उंच. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. महिंद्राने मात्र ती पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवली. काळ इथे थांबला होता आणि त्या थांबलेल्या काळात एक अख्खी गाडी जपली गेली.

राजूरची जीप

राजूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या बाजूचं आमचं गाव. इकडे जमिनीखाली कोळसा आणि वर चुनखडी. त्यामुळे खाण आणि चुन्याच्या भट्ट्या, दोन्ही. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स आली आणि या पट्ट्याचा कारभार तिच्याकडे गेला. खाणीच्या कच्च्या, खड्ड्यांच्या, काळ्या धुळीच्या रस्त्यांवर जीपशिवाय दुसरं काय चालणार? जीपला हवा गाळायला तेलात बुडणारा फिल्टर असतो, त्याला आपण 'ऑइल बाथ' म्हणतो. धूळ तेलात बसते, हवा पुढे जाते. कोळसा आणि चुना दोन्ही उडणाऱ्या गावात या जुनाट फिल्टरची किंमत कळते.

माझ्या मामांकडे अशीच एक पेट्रोल सीजे-३बी आहे. पेट्रोल हा शब्द महत्त्वाचा. कारण १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झालं आणि गावोगावच्या जीपमधून पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवण्याची लाटच आली. डिझेलला कार्बोरेटर लागत नाही. त्यामुळे पेट्रोल इंजिन टिकून राहिलेली जीप दिसली की मिस्त्री लोकांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी येतं.

या जीपवर कार्टर होता. त्याचा आजार ठरलेला : थ्रॉटलची दांडी ज्या भोकात फिरते, ते भोक इतक्या वर्षांच्या घासण्याने लंबगोल झालेलं. तिथून चोरटी हवा आत शिरते. मग स्क्रू कितीही फिरवा, गाडी स्लोवर उभी राहत नाही. कधी रेस होते, कधी बंद पडते. जेट धुवून, किट टाकून हे बरं होत नाही, कारण झिजलंय ते शरीरच. म्हणून सोलेक्स आणला.

मी बीटेक. व्हिडिओ पाहून आलेलो, पाना हातात घेऊन तयार. मिस्त्री वणीचे, साठी ओलांडलेले. त्यांनी मला थांबवलं.

"काहून घाई करून राह्यला बाप्पा? आधी बूड तर पाह्य."

बूड म्हणजे कार्बोरेटर जिथे बसतो तो सपाट भाग, फ्लँज. एफ-हेड इंजिनात कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. वर्षानुवर्षं नट जास्त आवळले की फ्लँजचे दोन्ही कान खाली वाकतात. वाकलेल्या बुडाखाली नवं गास्केट टाकलं तरी हवा शिरणारच. त्यांनी काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिशपेपर पसरला, त्यावर बूड घासलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं. सपाट. मगच पुढे.

बसतो, पण जुळतो का?

पुढचा अर्धा दिवस एकाच धड्यात गेला. भाग बसणं वेगळं आणि भाग जुळणं वेगळं.

सोलेक्स स्टडवर बसला. पण कार्टरची थ्रॉटलची दांडी ज्या बाजूने आणि जेवढी ओढायची, तशी सोलेक्सची नाही. जुनी सळई लावली तर पाय पूर्ण दाबूनही थ्रॉटल अर्धंच उघडतं. सळई वाकवून, लांबी जुळवून ते बसवावं लागलं. मग एकाने गाडीत बसून पॅडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्याने वरून बघायचं, पाती पूर्ण उभी झाली की नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, पाय काढला की ती आपोआप बंद होते की नाही. रिटर्न स्प्रिंगवर मिस्त्री दहा मिनिटं थांबले. "चालली नाही तं घरी राहू," ते म्हणाले, "थांबली नाही तं काय करतू?"

मग चोकची केबल. मग हवेची नळी, कारण वरच्या तोंडाचं माप वेगळं. तिथे मधला जोड लागतो, नाहीतर ऑइल बाथला वळसा घालून धूळ सरळ सिलिंडरमध्ये. मग फ्लोट चेंबरमधली पेट्रोलची पातळी. ती वर असेल तर गळ्यातून पेट्रोल टपकतं, खाली असेल तर चढावर गाडी दम टाकते.

शेवटी ट्युनिंग. इंजिन पूर्ण गरम करायचं, चोक पूर्ण उघडा. मग दोन स्क्रू. एक वेगाचा, एक मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू हळू आत नेला की इंजिन अडखळायला लागतं. मग बाहेर, बाहेर... आणि एका जागी ते एकदम सुखावतं. आवाज गोल होतो. मग वेगाचा स्क्रू थोडा कमी, परत मिश्रण. असं दोन-तीनदा. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. बुडाच्या सांध्यावर त्यांनी ऑइलचं बोट फिरवून पाहिलं. तिथे हवा शिरत असती तर ऑइलने भोक क्षणभर बुजलं असतं आणि आवाज बदलला असता. आवाज बदलला नाही.

मी फोनवर आरपीएम मोजायचं अॅप उघडलं होतं. ते बरोबरच होतं. पण आकडा स्थिर झाला, त्याच्या आधीच मिस्त्रींचा हात स्क्रूवरून निघाला होता.

यात जादू नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. 'जुगाड' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. वेगळ्या मापाचा भाग आपल्या इंजिनाशी जुळवणं म्हणजे चिकटपट्टी नव्हे. ते मोजमाप आहे, फक्त मोजण्याचं साधन कान आणि बोट आहे. लायसन्स राजच्या काळात हव्या त्या कंपनीचा भाग मिळत नव्हता, म्हणून हे कौशल्य देशभर तयार झालं. मॅन्युअलमध्ये 'असा भाग काढा, तसाच बसवा' असं लिहिलेलं असतं. 'तसाच नसेल तर काय' हे प्रकरण आपल्या गॅरेजवाल्यांनी लिहिलं, तेही कागदावर नाही.

उलटा प्रवास

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अमेरिकेत जुन्या विलीस जीप जपणारे लोक हजारोंनी आहेत. त्यांचेही कार्टर झिजलेत. तिथल्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये त्या जुन्या इंजिनांसाठी सोलेक्स धाटणीचा पर्यायी कार्बोरेटर मिळतो. आणि भारतात बनलेला असा कार्बोरेटर तिकडच्या जीपवर चढतो.

बघा ना, काय गंमत आहे! गाडी अमेरिकेतून खोक्यात बसून माझगावला आली. तिचा कार्बोरेटर मिळेना, म्हणून फ्रेंच नमुन्याचा मद्रासला बनला. गाडी तिच्या माहेरी बंद पडली, इथे चालू राहिली. आणि आता तिचा सुटा भाग खोक्यात बसून परत अमेरिकेला जातो. ज्या बंद दाराने आपल्याला नवी गाडी मिळू दिली नाही, त्याच दाराआड जुनीचा भाग बनवणारे हात शाबूत राहिले.

अर्थात दार उघडलंच. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली. १९८५ मध्ये कार्बोरेटर्स लिमिटेडने जपानच्या मिकुनीबरोबर युकाल काढली आणि नव्या पिढीचे कार्बोरेटर बनायला लागले. मग १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीसाठी युरो नियम लवकर लागू केले, कारमध्ये इंजेक्शन आलं आणि कार्बोरेटरची उतरण सुरू झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरूनही गेली.

हवा स्वच्छ व्हायची तर हे व्हायलाच हवं होतं. कार्बोरेटर थंडीत, उन्हात, घाटात एकसारखं प्रमाण राखू शकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पेट्रोल नळीतच उकळतं, गाडी 'एअर घेते' आणि लोक पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसतात. मी इंजेक्शनच्या विरोधात अजिबात नाही. रोजच्या गाडीत ते हवंच.

मग 'ओरिजनल' म्हणजे काय?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.

कार्बोरेटर बदलला म्हणजे काही इंजिन बदललं नाही. पण 'मूळ रूप' या शब्दापाशी मी अडखळतो. संग्राहक म्हणेल, कार्टर असेल तरच खरी. पण भारतातल्या जीपचं मूळ रूप कोणतं? सेंट लुईसहून आलेलं, की टंचाईच्या काळात मद्रासच्या भागाने चालू ठेवलेलं? माझं मत विचाराल तर सोलेक्स हा तिच्यावरचा डाग नाही, तो तिचा इतिहास आहे. काढलेला कार्टर मामांनी फेकलेला नाही, कापडात गुंडाळून ठेवलाय. तो पहिलं पान आहे, सोलेक्स पुढची पानं.

आणि पानं संपलेली नाहीत. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण पातळ पडतं. जेट किंचित मोठा करावा लागतो. ते पाणी शोषतं, जुनं रबर खातं, म्हणून नळ्या आणि गास्केट बदलावी लागतात. इंजेक्शनची गाडी हे सेन्सरने सावरून घेते. जुन्या जीपला पुन्हा कुणीतरी कान लावून बसवावं लागेल.

तो कान कुणाचा असेल, हा माझा खरा प्रश्न आहे. भाग मिळतील. ऑनलाइन मागवले की चार दिवसांत राजूरलाही येतात. पण बसलेला भाग जुळवणारी माणसं साठीच्या पुढे गेलीत आणि त्यांच्या हाताखाली आता नवा पोरगा नाही. त्यांच्या कामाची नोंद कुठल्याच कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

म्हणून या भागाचा होमवर्क. तुमच्या गावात, तालुक्याला, असा एखादा जुना मिस्त्री असेलच. फोन काढा, त्यांची परवानगी घ्या आणि ते ट्युनिंग करताना रेकॉर्ड करा. नुसता व्हिडिओ नको. आवाज नीट येऊ द्या आणि विचारत राहा, "आता काय ऐकलं?" हे उत्तर जपून ठेवायला आपल्या पिढीकडे साधन आहे, फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!